समीकरण वाक्यात सांग

वाङ्मय मंडळाच्या अंकात भौतिकशास्त्राचा लेख दिसला म्हणून कुणी पान उलटू नये. (ई-अंकात पान उलटत नाहीत, बोट सरकवतात. तेही सरकवू नये.) मी बी.ए.ची विद्यार्थिनी. पीयूसीची दोन वर्षं सायन्सला काढली आणि मग साहित्याकडे पळून आले, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मी गतीच्या समीकरणांवर लिहिणार म्हटल्यावर संपादकांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

ही समीकरणं म्हणजे तीच तीन, नववीत सगळ्यांच्या वहीत उतरवलेली. वस्तू सरळ रेषेत चालली असेल आणि तिचं त्वरण बदलत नसेल, तर तिचा वेग, तिनं कापलेलं अंतर आणि लागलेला वेळ यांचं नातं सांगणारी. व्ही बरोबर यू अधिक ए टी. एस बरोबर यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग. व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस. वाचताना चाल आपोआप लागली ना? पाढ्यासारखी? माझी तक्रार तिथंच आहे. ही तीन वाक्यं आहेत, आणि आपण ती मंत्रासारखी म्हणतो. वाक्य म्हटलं की त्याचा अर्थ विचारता येतो. मंत्राचा कुणी विचारत नाही.

हे मला सुचलं ते हॉस्पिटलात.

गेल्या जुलैत माझ्या मावसभावाचा अपघात झाला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो, आणि त्याची मोटरसायकल त्याला आमच्या सगळ्यांहून प्रिय होती. साखळीला मित्राकडे जायला म्हणून सकाळी निघाला. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे, चोर्ल्याच्या रस्त्यावर पाऊस कसा असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. एका वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर म्हैस उभी होती. म्हशीला थोडं खरचटलं, ती उठून झाडीत गेली. ह्याच्या उजव्या मांडीत सळी घालावी लागली. मावशीनं चावीच्या रिंगमध्ये सेंट ख्रिस्तोफरचं मेडल अडकवलेलं होतं. मावशीचं म्हणणं, मेडल होतं म्हणून पायावर निभावलं. असेलही. मी तिच्याशी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा तो शुद्धीत होता आणि रागात होता. म्हशीवर, रस्त्यावर, पावसावर.

“बाय, मी जोरात नव्हतो गं. पन्नास-पंचावन्न. साठसुद्धा नाही. आणि ब्रेक मारलो की मी! दिसल्या-दिसल्या मारलो.”

(आमच्याकडे ‘मारला’ नाही, ‘मारलो’. मराठीच्या सरांनी इकडे दुर्लक्ष करावं.)

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच ब्रेक मारला होता. आणि त्याला मनापासून वाटत होतं की चाळीसवर असतो तर जरा कमी लागलं असतं, सत्तरवर असतो तर जरा जास्त. थोडं इकडे, थोडं तिकडे. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “तिसरं समीकरण म्हण.” वेदनाशामक औषधाच्या गुंगीतही त्यानं एका दमात म्हटलं. पहिल्या दोन समीकरणांतून ते कसं काढायचं तेही सांगायला लागला. मी म्हटलं, “ते राहू दे. आता हेच वाक्यात सांग. मावशीला समजेल असं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “वाक्यात म्हणजे?”

मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मलाही सांगता आलं नसतं. मीसुद्धा पीयूसीला त्या समीकरणावरची उदाहरणं सोडवून मार्क घेतले होते. ट्रेन अमुक वेगाने जात आहे, ब्रेक लावल्यावर अमुक अंतरावर थांबते, त्वरण काढा. काढलं. वजा चिन्ह आलं. बरोबर. पुढचं उदाहरण. ती ट्रेन टिळकवाडीच्या पहिल्या गेटपाशी माझ्यासमोरून रोज जायची, पण वहीतली ट्रेन वेगळी आणि गेटातली वेगळी.

आता शब्दांपासून सुरुवात करते, कारण माझं काम शब्दांचं आहे. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. आम्हांला ‘त्वरण’ होतं. त्वरा करणे, त्वरित, त्यातलंच त्वरण. कानाला घाई ऐकू येते. पीयूसीत गेल्यावर ते ‘अॅक्सिलरेशन’ झालं आणि त्यातली घाई निघून गेली, नुसतं ‘ए’ हे अक्षर उरलं. गंमत म्हणजे रस्त्यावर ह्या गोष्टीला तिसराच शब्द आहे, आणि तो सगळ्यात चांगला आहे: पिकअप. “गाडी पळते चांगली, पण पिकअप नाही.” हे वाक्य गॅरेजवाला रोज बोलतो, आणि वेग वेगळा व त्वरण वेगळं हा फरक, ज्यावर नववीत आमचे निम्मे मार्क गेले, तो त्याला स्वच्छ माहीत असतो. वेग म्हणजे गाडी किती जोरात चालली आहे. पिकअप म्हणजे तो जोर किती लवकर वाढतो आहे. ब्रेक म्हणजे उलटा पिकअप. पुस्तकात त्याला ऋण त्वरण म्हणतात. एवढं कळलं की पहिलं समीकरण आपोआप वाक्य होतं: आत्ताचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग, अधिक दर सेकंदाला जेवढी भर पडली तेवढी, तितके सेकंद. दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं.

दुसऱ्यात एक ‘अर्धा’ आहे. हा अर्धा कुठून आला, असं मी वर्गात विचारलं होतं. उत्तर मिळालं, “सूत्रात आहे म्हणून.” कुणी दिलं हे महत्त्वाचं नाही. साठ मुलांचा वर्ग होता आणि सीईटी जवळ आली होती. पण त्या उत्तरानंतर मी फिजिक्समध्ये काही विचारलं नाही, आणि वर्षाने फिजिक्सच सोडलं.

त्या अर्ध्याचा पत्ता मला नंतर लायब्ररीत, भलत्याच कपाटात लागला. मध्ययुगीन युरोपवरचं पुस्तक होतं. चौदाव्या शतकात, १३३५च्या सुमारास, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात विल्यम हेट्सबरी नावाचा एक अभ्यासक होता. तो आणि त्याचे सोबती गाड्या-घोड्यांवर नाही, ‘बदल’ ह्या कल्पनेवरच वाद घालत. एखादी गोष्ट सारख्या प्रमाणात वाढत गेली तर एकूण किती होईल? त्यांचं उत्तर असं: वेग सारखा वाढत असेल, तर कापलेलं अंतर हे मधल्या वेगाने सतत चालल्याइतकंच भरतं. शून्यापासून २० पर्यंत वाढला, तर १० नेच चाललो असं धरा. म्हणजे निम्मं. अर्धा तो हा.

थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये निकोल ओरेमनं ह्याचं चित्र काढलं. आडवी रेघ वेळेची, तिच्यावर प्रत्येक क्षणाच्या वेगाएवढी उभी रेघ. वेग बदलत नसेल तर आयत होतो. शून्यापासून सारखा वाढला तर त्रिकोण होतो. आणि ह्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं, हे सहावी-सातवीतलं पोरगंही सांगेल. दुसरं समीकरण म्हणजे एका आयतावर बसवलेला एक त्रिकोण, बस्स. यू टी हा आयत, अर्धा ए टी वर्ग हा त्रिकोण. हे कळायला मला ऑक्सफर्डचा फेरा पडला. फळ्यावर दोन रेघा ओढायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ओरेम पुढे, १३७७ मध्ये, लिझ्यूचा बिशप झाला. मर्टनच्याच मंडळीतला ब्रॅडवर्डिन १३४९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि त्याच वर्षी प्लेगनं गेला. आमच्या कॉलेजात भिंतीवर क्रूस आहे म्हणून हे सांगत नाही. सांगायचं एवढंच, की ही समीकरणं प्रयोगशाळेत जन्मली नाहीत, ती वादविवादात जन्मली. आर्ट्सच्या वर्गात, असं म्हटलं तरी चालेल. आमच्या बाकांवर.

आता तिसरं. त्यात टी नाही, वेळ नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. वेग आणि अंतर यांचा थेट हिशेब. म्हैस किती सेकंदांवर आहे असं कुणी मोजत नाही, ती किती लांब आहे हेच दिसतं, म्हणून रस्त्यावर उपयोगाचं तेच. आणि त्यातला वेग नुसता येत नाही, त्याचा वर्ग येतो. त्याचं मावशीला समजेल असं वाक्य करायला मला तीन दिवस लागले. ते असं:

दुप्पट वेगाच्या गाडीला थांबायला दुप्पट वेळ लागतो, आणि त्या सगळ्या वेळात तिचा सरासरी वेगही दुप्पट असतो. म्हणून ती चौपट अंतर जाते.

दोन वेळा दुप्पट, म्हणून चौपट. तिप्पट वेगाला नऊपट. एवढंच आहे त्यात. हेट्सबरीचा मधला वेग इथं कामाला आला.

मी हे घेऊन पुन्हा हॉस्पिटलात गेले आणि मावसभावाला आकडे मांडायला लावले, कारण हिशेबात तो पक्का. ताशी ३६ किलोमीटर घेतले, कारण ते सेकंदाला बरोबर १० मीटर होतात. कोरड्या रस्त्यावर सर्वसाधारण चालकाच्या ब्रेकनं दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो असं धरलं. म्हणजे ब्रेक लागल्यापासून १० मीटरवर गाडी उभी. पण ब्रेक लागण्याआधी डोळ्यानं पाहायचं, डोक्यात शिरायचं, पायानं दाबायचं, ह्यात सावध माणसाचासुद्धा एखादा सेकंद जातो, आणि त्या सेकंदात गाडी आधीच्याच वेगानं १० मीटर पुढे गेलेली असते. एकूण २० मीटर. म्हणजे म्हैस २० मीटरवर दिसली आणि काटा ३६ वर असला, तर गाडी तिच्या पोटाशी येऊन थांबते. म्हैस मान वळवून बघते, संपलं.

आता तीच म्हैस, तेच २० मीटर, काटा ७२ वर. सेकंदाला २० मीटर. पहिला सेकंद बघण्यात गेला, आणि २० मीटर संपले. ब्रेक लागलेलाच नाही. पूर्ण ७२ नं धडक.

इथपर्यंत तो मान हलवत होता. “बहात्तरवर नव्हतोच गं मी.” मग आम्ही ५४ घेतले, त्याच्या पन्नास-पंचावन्नच्या जवळचे. सेकंदाला १५ मीटर. पहिल्या सेकंदात १५ मीटर गेले, उरले ५. ह्या ५ मीटरभर ब्रेक पूर्ण लागलेला आहे. तिसरं समीकरण: १५ चा वर्ग २२५, त्यातून वजा दोन गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे ५०. उरले १७५. त्याचं वर्गमूळ सव्वातेराच्या जरासं आत. ताशी किलोमीटरमध्ये करा: साधारण ४८.

त्यानं तो आकडा दोनदा काढला. ३६ वाला जिथं थांबतो, तिथं ५४ वाला ४८ नं आदळतो. आणि ४८ नं आदळणं म्हणजे जवळजवळ नऊ मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखं. हाही त्याच समीकरणाचा हिशेब. हे सगळं कोरड्या रस्त्याचं. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्मी झाली असं धरलं, तर ब्रेकनंतरचं अंतर थेट दुप्पट.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग छताकडे बघत म्हणाला, “हे मला येत होतं की गं.”

येत होतं, म्हणूनच मला हा लेख लिहावासा वाटला. अडाणी माणसाचा अपघात झाला असता तर आपण म्हटलं असतं, शिक्षण नाही. ह्याला सीईटीला फिजिक्समध्ये उत्तम मार्क होते.

ह्यावर सायन्सच्या एका मैत्रिणीनं मला सुनावलं, आणि तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, म्हणून इथं देते. ती म्हणाली, “सीईटीला ऐंशी मिनिटांत साठ प्रश्न असतात. एका प्रश्नाला ऐंशी सेकंद. तू तुझा बिशप आणि त्रिकोण घेऊन बस, मी सूत्र लावते आणि पुढे जाते. मला सीट हवी आहे.” बरोबर आहे. पाठ असलंच पाहिजे. मलाही कवितेची वृत्तं पाठ आहेत, गण मोजल्याशिवाय कुणी मार्क देत नाही. पण वृत्त पाठ असलेल्या माणसाला कविता कळली असं आपण समजत नाही. सूत्र पाठ असलेल्याला गती कळली असं मात्र सगळे समजतात. तोही, त्याचे आईवडीलही, आणि गाडीची चावी देणारे आपणही.

ही गोष्ट समजायला अवघड नाही, असं म्हणणारी मी पहिली नाही. आणि समजली नाही तर लाजायचंही कारण नाही, कारण ह्यात प्रत्यक्ष गॅलिलिओ चुकला होता. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं त्याला आधी वाटत होतं. १६०४च्या एका पत्रात त्यानं तसं लिहिलंही आहे. तो वाढतो वेळेच्या प्रमाणात. पुढे १६३८ मध्ये त्याचं गतीवरचं पुस्तक आलं, तेव्हा त्यात त्यानं ही चूक लपवली नाही. एका पात्राच्या तोंडी ती घातली, आणि दुसऱ्याकडून म्हणवून घेतलं की आपल्या ग्रंथकर्त्यालाही बराच काळ असंच वाटत होतं. हो, पात्रं. ते पुस्तक संवादाच्या रूपात आहे. तीन माणसं चार दिवस बोलत बसतात. आणि माझ्यासारखीला सगळ्यात भावली ती गोष्ट ही, की गतीच्या भागात प्रमेयं लॅटिनमध्ये आहेत आणि त्यांवरची चर्चा इटालियनमध्ये. नियम विद्वानांच्या भाषेत वाचायचा, आणि मग आपल्या भाषेत विचारायचं, म्हणजे काय रे बाबा? आपल्या वर्गात पहिली अर्धी पायरी होते. नियम इंग्रजीत वाचला जातो. दुसऱ्या अर्ध्याच्या आधी तासाची घंटा होते.

हे पुस्तक लायडनला, हॉलंडमध्ये, छापावं लागलं, कारण १६३३ मध्ये चर्चनं त्याला दोषी ठरवलं होतं आणि तो मरेपर्यंत नजरकैदेत होता. बिशप ओरेमचा अभिमान सांगायचा आणि हे गाळायचं, असं मला जमणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये चूक मान्य केली, पण साडेतीनशे वर्षं म्हणजे फार झाली. ह्यातला एक योगायोग मात्र मराठीच्या विद्यार्थ्याला चुटपुट लावतो. १६१६ साली रोममध्ये गॅलिलिओला पहिली ताकीद मिळाली. त्याच १६१६ साली इथून हाकेच्या अंतरावर, गोव्यात राशोलला, फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. लॅटिन शिकलेला एक इंग्रज जेजुइट ओवी शिकतो, कारण लोकांशी बोलायचं तर लोकांच्या भाषेत बोलावं लागतं. एकाच चर्चची एकाच वर्षातली दोन कामं. मी कुणाच्या बाजूनं आहे ते सांगायला नको.

असो. सप्टेंबरात मावसभाऊ घरी पलंगावर पडून होता आणि वैतागला होता. आम्ही गॅलिलिओचा प्रयोग करायचं ठरवलं. त्यानं लाकडाच्या लांब तुळईत गुळगुळीत खाच पाडून, तिला जरासा उतार देऊन, ब्राँझची गोळी सोडली होती. सरळ खाली पडणारी वस्तू फार लवकर पडते, मोजता येत नाही. उतारावर तेच पडणं सावकाश होतं. घड्याळ नव्हतं, म्हणून तो भांड्यातून गळणारं पाणी तोलत असे. आमच्याकडे वायरिंगची सहा फुटी प्लास्टिकची पट्टी आणि एक गोटी होती. पट्टी उताणी ठेवून एका टोकाखाली दोन जाड पुस्तकं घातली (दोन्ही माझ्या अभ्यासक्रमातली, उपयोगी पडली). वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटीमीटरवर बारीक दोरे आडवे ताणून चिकटवले. एकाचा वर्ग एक, दोनाचा चार, तिनाचा नऊ, चाराचा सोळा.

पहिल्यांदा गोटी पहिल्याच दोऱ्याला अडून बसली. दोरा सैल केला. दुसऱ्यांदा पट्टी घसरली. मावशी म्हणाली, पाय मोडलाय त्याचा, डोकं नाही, झोपू द्या त्याला. पाचव्या-सहाव्या वेळी गोटी नीट गेली: टक्, टक्, टक्, टक्. चारही टक् सारख्या अंतरानं. दोरे एकमेकांपासून लांब-लांब होत गेलेले, मधली अंतरं १०, ३०, ५०, ७०, आणि आवाज मात्र एका तालात. गिटारवाल्याच्या कानाला ते चटकन कळलं. त्यानं पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला आणि मला म्हणाला, “परत सोड.” स्टिलमन ड्रेक नावाच्या इतिहासकाराचं मत आहे की गॅलिलिओनंही असाच कान वापरला असावा. त्याचे वडील ल्यूटवादक होते. मला हे मत खरं असावंसं वाटतं. आम्ही त्या संध्याकाळी ती गोटी तीसेक वेळा सोडली.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि भाषेच्या माणसाला ती खटकायलाच हवी. ही तिन्ही वाक्यं ‘जर’नं सुरू होतात. जर त्वरण बदलत नसेल, तर. पाठ करताना आपण जर-तर गाळतो आणि फक्त मागचं ठेवतो. ‘जर’ गाळला की काय होतं बघा. एक किलोमीटर उंचीवरच्या ढगातून पावसाचा थेंब पडला. तिसऱ्या समीकरणात घाला: जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर निघतो. असं असतं तर बेळगावात जूनमध्ये एकही माणूस शिल्लक राहिला नसता. प्रत्यक्षात हवा थेंबाला अडवते, त्याचं त्वरण कमी होत होत शून्य होतं, आणि मोठ्यात मोठा थेंबही सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगानं येऊन आपल्या छत्रीवर आपटतो. समीकरण खोटं नाही. त्याची अट पाळली गेली नाही. आमचा म्हशीचा हिशेबही ह्याच अटीवर उभा आहे: ब्रेक सारखाच लागत राहिला, चाक घसरलं नाही, रस्ता तेवढ्यातल्या तेवढ्यात बदलला नाही, असं धरून. घाटात ह्यातलं काय खरं राहतं ते जाणारा जाणे. म्हणजे २० मीटर हे चांगल्या दिवसाचे वीस मीटर.

माझी मागणी मोठी नाही. नववीत असो की पीयूसीत, ही समीकरणं शिकवून झाली की एक प्रश्न असा असावा: तिसरं समीकरण, अक्षर न वापरता, एका वाक्यात लिहा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, घरी कोंकणी असेल तर कोंकणीत लिहा. दोन मार्क द्या. दोन मार्कांसाठी आपण काहीही करतो. आणि लायसन्सच्या परीक्षेत चिन्हं ओळखायला लावतात, नो पार्किंग, पुढे वळण, तशीच ३६ आणि ५४ ची गोष्टही विचारावी. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना समीकरण नको असेल तर वाक्य द्या. गाडी आम्हीही चालवतो, आणि म्हैस स्ट्रीम विचारत नाही.

तोवर हे काम वाङ्मय मंडळानं करायला काय हरकत आहे? आपण दरवर्षी निबंध स्पर्धा घेतो, ‘पाऊस’ आणि ‘माझी मायबोली’ हे विषय झिजून गेले आहेत. एका वर्षी एका सूत्राचं एक वाक्य, अशी स्पर्धा ठेवू. परीक्षक म्हणून मी माझ्या मावशीचं नाव सुचवते. तिला कळलं तर बक्षीस.

मावसभाऊ आता काठीशिवाय चालतो. मोटरसायकल विकली नाही, हप्ते बाकी आहेत. गेल्या रविवारी मिसा झाल्यावर तो मला घरी सोडायला निघाला. मी मागे बसले होते. गेट बंद होतं म्हणून दुसऱ्या रस्त्यानं वळलो, पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि गाडीनं जरा वेग घेतला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून काट्याकडे बघितलं.

“किती आहे?” त्यानंच विचारलं.

“अठ्ठेचाळीस.”

त्यानं एक्सलेटर सोडला.